न घेतलेल्या लुगड्याची नोटीस

आमच्या घरात उधारी नव्हती. ही मी फुशारकी मारते आहे, आणि मारण्यासारखीच ती आहे. ठाण्यात जांभळी नाक्यामागच्या आळीत आमचं बिऱ्हाड होतं, दोन खोल्या आणि पुढे ओटी. सासरे, त्यांना मी मामंजी म्हणायची, कलेक्टर कचेरीत कारकून होते. वाण्याकडे खातं नाही, दूधवाल्याचा हिशेब पहिल्या तारखेला चुकता. बाळकुमहून पाटी घेऊन येणारी भाजीवाली "ऱ्हाऊ दे गो बाय, उद्या दे" म्हणाली तरी सासूबाई तिला दारात उभी करून डबे धुंडाळायच्या आणि सुटे पैसे सापडेपर्यंत हलू द्यायच्या नाहीत. ती बिचारी म्हणायची की तुमच्याकडे भाजी विकण्यापेक्षा फुकट देणं परवडलं.

अशा घरी वकिलाची नोटीस आली. स्वातंत्र्य मिळून काही वर्षं झाली होती, कंट्रोलच्या कापडाचे दिवस नुकतेच सरत आले होते. होळी तोंडावर होती. पोस्टमनने मामंजींची सही घेतली, पाकीट दिलं, आणि मामंजींनी ते उभ्यानेच वाचलं. वाचून झाल्यावर ते ओटीवरच्या बाकावर बसले आणि त्यांनी पाणी मागितलं. मी पाणी दिलं आणि कागद उचलला. सासऱ्यांच्या हातातला कागद सुनेने उचलायचा नसतो हे मला ठाऊक होतं, पण मला धीर नव्हता. माझे यजमान त्या वर्षी नोकरीनिमित्त भुसावळला होते, त्यामुळे मला आवरणारंही कोणी घरात नव्हतं.

नोटीस कल्याणच्या एका कापडवाल्याच्या वतीने होती. आपल्या मुलीच्या लग्नासाठी आमच्या अशिलाच्या दुकानातून जांगड नेलेल्या मालापैकी एक लुगडे आपण परत केलेले नाही व त्याची किंमतही दिलेली नाही, तरी ती पंधरा दिवसांच्या आत भरावी, न भरल्यास कोर्टात दावा लावला जाईल, आणि या नोटिशीचा खर्चही आपल्याच माथी. रक्कम मामंजींच्या पगाराच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी होती.

जांगड म्हणजे काय ते आता सांगावं लागेल. त्या काळी लग्नघरातल्या बायका दुकानाच्या पायऱ्या फारशा चढत नसत. दुकानदार लुगड्यांचं गाठोडं माणसाबरोबर घरी पाठवायचा. ते चार दिवस ठेवून घ्यायचं, आळीतल्या सगळ्या बायकांनी येऊन उलगडून, अंगाला लावून, नाकं मुरडून बघायचं, पसंत पडेल ते ठेवायचं आणि बाकीचं परत. सगळा कारभार विश्वासावर. दुकानदार एक चिठ्ठी लिहून ठेवायचा, माल परत गेला की ती फाडायची.

आमच्या घरचं ते लग्न म्हणजे माझ्या नणंदेचं. माझ्याहून ती लहान, पण नणंद म्हणून मी तिला वन्सं म्हणायची. मार्गशीर्षात तिचं लग्न झालं, कल्याणला पारनाक्याजवळच्या घरात ती पडली. तिच्या सासूबाई, म्हणजे आमच्या विहीणबाई, मोठ्या मानी. उंच, ताठ, बोलणं मोजकं आणि ते बहुतेक दुसऱ्याची चूक दाखवण्यापुरतं. विहिणीच्या मानाचं लुगडं हा लग्नातला नाजूक मामला. तिथे काठ चुकला तर मुलीला वर्षभर ऐकावं लागतं. विहीणबाईंनी बोलता बोलता सुचवलं होतं की आम्ही कापड अमुक दुकानातून घेतो. म्हणून सासूबाईंनी कल्याणच्या त्या दुकानातून एक गाठोडं जांगड मागवलं. शिवाय ठाण्याच्या आमच्या नेहमीच्या दुकानातूनही मागवलं. शेवटी मन बसलं ते ठाण्याच्या दुकानातल्या डाळिंबी लुगड्यावर. ते रोख पैसे मोजून घेतलं. कल्याणचं गाठोडं जसं आलं तसं परत गेलं. दुकानचा गुमास्ता आला, आमच्या ओटीवर बसून त्याने लुगडी मोजली, चहा प्यायला, चिठ्ठी दुकानात गेल्यावर फाडतो म्हणाला आणि गाठोडं खांद्यावर टाकून गेला. मी स्वतः त्याला चहा दिला होता.

"भरून टाकू," मामंजी म्हणाले. "शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये. मी सरकारी नोकर माणूस. उद्या कचेरीत कळलं तर?"

सासूबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "काय भरून टाकू? घेतलंय का आपण?"

"नाही घेतलं. पण अब्रूपुढे पैसा काय?"

"मामंजी, कर नाही त्याला डर कशाला," मी म्हटलं. "पैसे भरले म्हणजे आपण लुगडं घेतलं आणि दडपून बसलो होतो हे आपणच कबूल केलं. आज पैसे देऊन जी अब्रू वाचेल ती कुठल्या तोंडाने मिरवायची?"

मामंजींनी माझ्याकडे बघितलं. रागावले नव्हते, दमले होते. जन्मभर त्यांनी लोकांच्या अर्जांवर शेरे लिहिले होते, स्वतःवर शेरा बसण्याची वेळ पहिल्यांदाच आली होती. ते म्हणाले, "मग तूच लिही उत्तर."

मी लिहिलं. मी मॅट्रिक झालेली होते आणि माझं अक्षर चांगलं होतं, आणि या दोन्ही गोष्टींचा मला भलताच तोरा होता. पहिल्या खर्ड्यात मी असंही लिहिलं की आपल्या अशिलाने आधी स्वतःची कपाटं झाडावीत आणि मग भल्या माणसांच्या दारात नोटिसा टाकाव्यात. मामंजींनी ते वाक्य खोडलं. त्याच्या खालचंही खोडलं. शेवटी जे उरलं ते असं: आपली नोटीस पोचली. आम्ही आपल्या अशिलाचे काही देणे लागत नाही. जांगड आलेला सर्व माल त्यांच्याच माणसाने आमच्या घरी मोजून परत नेला. तरीही आपले म्हणणे असेच असेल तर ते लुगडे कोणत्या रंगाचे, कोणत्या काठाचे, ते लिहून कळवावे. ते कळल्याशिवाय या बाबतीत आम्ही काही देणार नाही. खाली मामंजींची सही. पाकीट मीच पोस्टात नेऊन रजिस्टर केलं.

उत्तर यायला वेळ लागला. त्याआधी वन्संच आली.

चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला ती दोन दिवस माहेरी येणार हे ठरलेलंच होतं. आम्ही आंब्याची डाळ वाटली होती, पन्हं केलं होतं. ती आली, सासूबाईंच्या पाया पडली आणि तिने पिशवीतून कागदात बांधलेलं काहीतरी काढून त्यांच्यापुढे ठेवलं. ते डाळिंबी लुगडं होतं.

गुढीपाडव्याच्या खरेदीला विहीणबाई त्या दुकानात गेल्या होत्या. दुकानदार त्यांना म्हणाला, बाई, तुमच्या व्याह्यांकडून लग्नातल्या एका लुगड्याचं येणं राहिलंय, वकिलाकडे द्यावं लागलं. त्यांनी पुढे काही विचारलं नाही. घरी आल्या, पेटीतून मानाचं लुगडं काढलं आणि सुनेच्या हातात दिलं. म्हणाल्या, "उधारीचं मी अंगाला लावत नाही. पैसे भागले की पाठवायला सांग." त्या दिवसापासून त्यांनी तिच्याशी बोलणं टाकलं होतं. काही सांगायचं झालं तर भिंतीकडे बघून सांगायच्या. देवघरातली पूजेची तयारी तिच्याकडे असायची, ती काढून घेतली. आणि शेजारपाजारच्या बायका विहिरीवर तिला बघून गप्प व्हायला लागल्या.

हे सगळं तिने न रडता सांगितलं. ती रडली असती तर मला सोपं गेलं असतं. माझ्या डोक्यात तिडीक गेली.

"पण ते आपण ठाण्याच्या दुकानातून घेतलंय, रोख," मी म्हटलं. "पावती आहे. उद्याच जाऊन त्यांच्यापुढे टाकते."

सासूबाई म्हणाल्या, "विहिणीच्या मानाची पावती दाखवायची? उद्या म्हणशील जेवायला वाढलं त्याचं बिल दाखवू."

खरी अडचण आणखी वेगळी होती. लग्नात विहीणबाईंनी ते लुगडं हातात घेऊन "आमच्याच दुकानचं दिसतंय" असं समाधानाने म्हटलं होतं आणि सासूबाई नुसत्या हसल्या होत्या. हो म्हणाल्या नाहीत, नाही म्हणाल्या नाहीत. भर मांडवात कोण कोणाचा गैरसमज दूर करत बसतं? आता पावती पुढे केली तर तेव्हा गप्प का बसलात हा नवा प्रश्न उभा राहिला असता.

सासूबाईंनी लेकीला जवळ घेतलं. म्हणाल्या, "हे निस्तरेपर्यंत इथेच राहा. चार दिवस जास्त झाले तर काही बिघडत नाही."

"नको," वन्सं म्हणाली. "मी इथे राहिले तर ते खरं ठरेल." आणि ठरल्या दिवशी ती परत गेली. माझ्या नणंदेत काहीतरी आहे हे मला त्या दिवशी पहिल्यांदा जाणवलं. तोवर मी तिला गरीब गाय समजत होते.

ती गेल्यावर आठ-दहा दिवसांनी वकिलाचं उत्तर आलं. मामंजी कचेरीत होते. मी आणि सासूबाईंनी ते फोडलं. मी मोठ्याने वाचू लागले. आपण विचारल्याप्रमाणे कळविण्यात येते की सदरहू लुगडे म्हणजे रेशीमकाठी चंद्रकळा असून तिच्यावर खडीच्या चांदण्या आहेत.

मला आधी हसूच आलं. चंद्रकळा म्हणजे काळं लुगडं, खडी म्हणजे त्यावरचं चमकीचं छापकाम. लग्नात विहिणीला काळं द्यायचं? आमच्याकडची वेडी बाईसुद्धा देणार नाही. मग आठवलं की त्या गाठोड्यात एक काळं होतं खरं. पुढच्या महिन्यात संक्रांत म्हणून गुमास्त्याने घातलं असेल. "लग्नघरात काळं कशाला आणलंस रे?" म्हणून सासूबाईंनी त्याची घडीही न मोडता ते बाजूला सारलं होतं. हातच्या कांकणाला आरसा कशाला? आता विहीणबाईंना एवढंच सांगायचं की तुमचं लुगडं डाळिंबी, हरवलेलं काळं. झालं, सुटलो.

मी सासूबाईंकडे बघितलं. त्या हसत नव्हत्या.

"खडीच्या चांदण्या," त्या म्हणाल्या. "वाच बघू परत."

मी परत वाचलं, आणि माझंही हसू गेलं. संक्रांतीला आम्ही दोघी कल्याणला गेलो होतो. वन्संचा पहिला सण. अंगावर हलव्याचे दागिने, आणि नेसायला काळी चंद्रकळा, तिच्यावर खडीच्या चांदण्या. सासूबाईंनी कौतुकाने पदर हातात घेतला होता आणि विहीणबाई ऐटीत म्हणाल्या होत्या, "दुकानचा माणूस दारावरून चालला होता, त्याच्या गाठोड्यातलीच उचलली. म्हटलं, येणाऱ्या सुनेचं नशीबच दारात चालत आलं."

सगळा उलगडा जागच्या जागी झाला. गुमास्ता आमचं गाठोडं घेऊन ठाण्याहून कल्याणला उतरला. दुकानात जाण्याआधी वाटेतल्या नेहमीच्या गिऱ्हाइकाच्या दारात त्याने ते सोडलं. लग्नसराईत ते लोक असंच करायचे, खांद्यावरचं ओझं वाटेतच हलकं झालं तर बरंच. विहीणबाईंनी चंद्रकळा काढून घेतली आणि ती स्वतःच्या खात्यावर लिहायला सांगितली. त्यांचं खातं वर्षातून एकदा, दिवाळीला मिटायचं, म्हणून त्यांना पुढे काही वाटलं नाही. आणि गुमास्ता लिहायला विसरला. दुकानात चिठ्ठी आमच्या नावाची, एक नग कमी. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, पण इथे चोरही कोणी नव्हता.

मी लगेच कागद घेतला. सासूबाईंनी माझा हात धरला.

"काय लिहिणार आहेस?"

"खरं ते. चंद्रकळा आमच्या विहीणबाईंच्या घरी आहे, त्यांच्याकडे मागा."

"म्हणजे उद्या वकील तिच्या सासूला नोटीस पाठवील. आणि ती कोणी पाठवायला लावली? हिच्या माहेरच्यांनी. पोरीला तिथे जन्म काढायचाय."

संध्याकाळी मामंजी आले. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आता तर भरायलाच हवेत. मुलीसाठी."

"भरले तर ती कायमची उधारीच्या घरची," सासूबाई म्हणाल्या. "मी तिला तसं पाठवलेलं नाही."

लिहिलं तरी पोरीचं नुकसान, भरलं तरी पोरीचंच. रात्री जेवणं झाली. मग मीच म्हटलं की हे तिच्या घरचं आहे, तिलाच विचारू या. यात माझा मोठेपणा काही नव्हता. खरं सांगायचं तर मला कल्याणला जायचं होतं. विहीणबाईंच्या तोंडावर ते पत्र वाचून दाखवायला माझी जीभ नुसती वळवळत होती.

दुसऱ्या दिवशी पिशवीभर कैऱ्या घेऊन मी गेले. स्टेशनवरून टांगा केला. विहीणबाईंनी या म्हटलं, पाट दिला, पाणी दिलं. कैऱ्यांकडे बघितलं आणि म्हणाल्या, "लोणच्याच्या आहेत. आमच्याकडे लोणचं झालंय." मी जीभ दाताखाली धरली.

वन्सं मागच्या अंगणात विहिरीवर कपडे धूत होती. मी तिथे गेले आणि पत्र तिच्या हातात दिलं. तिने ओले हात पदराला पुसले, पत्र वाचलं, पुन्हा वाचलं. तिचा चेहरा मला काही सांगेना. मग तिने घडी घातली.

"वन्सं, तुम्ही सांगाल तसं करू," मी म्हटलं. "म्हणालात तर मी आत्ता जाऊन—"

"वहिनी, तुम्ही माजघराच्या दारात बसा. मध्ये बोलू नका हं. तुम्हाला राग लवकर येतो."

मी दारात जाऊन बसले. दुसरा काही उपाय नव्हता.

ती आत गेली, पेटी उघडल्याचा आवाज आला. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात ती चंद्रकळा होती. विहीणबाई माजघरात सांडगे पसरून ठेवत होत्या. ती त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिली. त्या घरात सासूला आत्याबाई म्हणायची पद्धत होती.

"आत्याबाई," ती म्हणाली, "ही तुम्ही मला पहिल्या संक्रांतीला दिलीत. दुकानदाराने ही माझ्या माहेरच्या नावावर लावली आहे. माझ्या माहेरच्यांनी मला पुष्कळ दिलं, पण हे त्यांनी दिलेलं नाही. हे तुमचं देणं आहे. ते दुसऱ्याच्या नावावर मी लागू देणार नाही."

विहीणबाईंचा सांडग्यांवरचा हात थांबला. त्यांनी चंद्रकळेकडे बघितलं, सुनेकडे बघितलं, मग दारात बसलेल्या माझ्याकडे. माझ्या चेहऱ्यावर काय होतं कोण जाणे, पण तोंड मी मिटलेलं ठेवलं होतं. त्यांनी हात पुढे केला आणि वन्संने पत्र त्यांच्या हातात दिलं. त्यांनी चष्मा लावून सगळं वाचलं. त्यांच्या कानशिलांवर लाली चढत गेली. आता ज्वालामुखी फुटणार म्हणून मी सावरून बसले.

पण त्यांना धरायला जागा होती, आणि ती जागा त्यांच्या सुनेने त्यांना करून दिली होती. त्या उठल्या. म्हणाल्या, "माझ्या सुनेची संक्रांत मी केली. ती दुसऱ्याच्या खात्यावर लावणारा हा कोण?" पेटीतले पैसे घेतले, वहाणा घातल्या, आणि भर दुपारी निघाल्या. "तूही चल," त्या वन्संला म्हणाल्या. कित्येक दिवसांत पहिल्यांदाच त्या भिंतीकडे न बघता तिच्याकडे बघून बोलल्या होत्या. मला कोणी चल म्हटलं नाही. मी आपली मागोमाग गेले.

दुकानात त्यांनी आवाज चढवला नाही. गुमास्त्याला समोर बोलावलं. "माझ्या दारात तू हे गाठोडं सोडलंस. ही मी घेतली आणि माझ्या खात्यावर लिही म्हटलं. आठवतंय?"

गुमास्ता शहाडकडचा, वयस्कर माणूस. त्याने चंद्रकळा बघितली आणि कपाळाला हात लावला. "व्हय बाई, म्हटलं व्हतं तुमी. लग्नसराईत इसरलो मी."

"विसरलास. आणि माझ्या व्याह्यांना नोटीस गेली." त्यांनी पैसे मोजून दुकानदारापुढे ठेवले. दुकानदार हात जोडून म्हणाला की झालं गेलं विसरून जा बाई, चूक झाली, मी वकिलांना निरोप देतो, प्रकरण संपलं.

"निरोप नको," वन्सं म्हणाली. एवढा वेळ ती मागे उभी होती. "नोटीस रजिस्टर पोस्टाने आली, माझ्या वडिलांनी सही करून घेतली. ती चुकीची होती हेही रजिस्टर पोस्टानेच यायला हवं. त्याच वकिलांच्या सहीने."

दुकानदाराने विहीणबाईंकडे बघितलं. त्या म्हणाल्या, "सून सांगते तसं करा."

मी तिथे त्या दुकानाच्या दारात उभी होते आणि मला इतका अभिमान वाटत होता की छातीत मावेना. ही आमची मुलगी. आमच्या दोन खोल्यांत वाढलेली, सुटे पैसे सापडेपर्यंत भाजीवालीला उभी करणाऱ्या बाईची लेक. मी पत्रात एवढी शाई घातली, मामंजींनी तिच्यातली अर्धी खोडली, आणि हिने चार वाक्यांत आमची मान वर ठेवली, सासूचीही ठेवली. मी असते तर आधी भांडण जिंकले असते आणि मग घर हरले असते. हे मला तेव्हाच कळलं. माझा स्वभाव त्याने बदलला मात्र नाही.

वकिलाचं पत्र आलं. नोटीस गैरसमजाने पाठविली गेली असून ती मागे घेण्यात येत आहे. पोस्टमनने वही पुढे केली तेव्हा मामंजींनी बाकावर नीट बसून, चष्मा पुसून, पूर्ण नावाची सही केली. दुसऱ्या दिवशी ते पत्र खिशात घालून कचेरीत गेले. तिथे कोणाला नोटिशीचा पत्ताच नव्हता, त्यामुळे ते दाखवणार कोणाला? पण दिवसभर ते खिशात होतं.

वैशाखात एका दुपारी ओटीसमोर टांगा थांबला. विहीणबाई उतरल्या आणि मागून वन्सं. आगाऊ निरोप नव्हता. सासूबाई गडबडल्या, पण क्षणभरच. त्यांनी पाट मांडला, विहिणीला हळदकुंकू लावलं, मग आत जाऊन ते डाळिंबी लुगडं आणलं, त्यावर नारळ ठेवला आणि त्यांची ओटी भरली. लग्नात भरली होती तशीच. ते आपल्याकडे परत का आलं होतं याबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही.

विहीणबाईंनी लुगडं मांडीवर घेतलं. त्याच्या काठावरून हात फिरवला. मग म्हणाल्या, "मला चुकलं म्हणता येत नाही. कधीच आलं नाही. आमच्या घरात सगळ्यांना ते ठाऊक आहे, म्हणून कोणी मला माझी चूक दाखवायला येत नाही. मुलगे येत नाहीत, हेही येत नाहीत. तुमच्या मुलीने दाखवली, आणि मला मान खाली घालावी लागली नाही. एवढं सांगायला आले होते."

सासूबाईंचे डोळे भरून आले. त्यांनी पदराने टिपले आणि म्हणाल्या, "चहा घेणार ना?"

मी उठून आत गेले. वन्सं चुलीपाशी होती. दार उघडंच होतं, तिने सगळं ऐकलं असणार. मी तिच्या पाठीवर हात ठेवला.  मग डबा उघडला आणि कपांत साखर घालायला लागले.

"वहिनी," ती म्हणाली, "आत्याबाईंना साखर कमी लागते."